विकास आराखड्यावर हरकत घेऊन काही होतं का?

प्रश्न असा आला आहे: आमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा नुकताच प्रसिद्ध झाला. सोसायटीतले अर्धे लोक म्हणतात, "हरकती नोंदवू या." उरलेले म्हणतात, "सगळं आधीच ठरलेलं असतं, उगाच वेळ घालवू नका." सामान्य माणसाने भाग घेऊन पुढच्या वीस वर्षांच्या नियोजनात खरंच काही बदलतं का? आणि बदलत असेल तर आम्ही नेमकं काय करायचं?

बदलतं. पण लोकांना जाग येते तेव्हा बदलायला थोडंच उरलेलं असतं, आणि बहुतेक अर्ज ज्या पद्धतीने लिहिले जातात त्या पद्धतीने तर काहीच बदलत नाही. मी या कामात टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. आधी नगररचना खात्यात आराखडे तयार करणाऱ्यांमध्ये होतो, आता लोकांना हरकती लिहून देतो. त्यामुळे जे सांगतो ते दोन्हीकडचं आहे.

आधी वेळापत्रक. महाराष्ट्रात हा कारभार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने चालतो. कलम २३ खाली पालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. कलम २५ खाली शहराची पाहणी होऊन विद्यमान भूवापर नकाशा बनतो. खात्यात त्याला सगळे ईएलयूच म्हणतात. कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. तुम्ही आत्ता इथे आहात. पुढे कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते, तिच्या अहवालावर पालिका बदल करते, कलम ३० खाली सगळं शासनाकडे जातं आणि कलम ३१ खाली शासन मंजुरी देतं. या प्रत्येक टप्प्याला कायद्यात मुदत आहे; ती पाळली जातेच असं नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ चा आराखडा मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे त्याचं निम्मं आयुष्य उलटल्यावर.

आता मुद्द्याचं. लोक समजतात की सहभाग म्हणजे विरोध. आराखडा आला की त्यातलं चुकीचं शोधायचं आणि हरकत टाकायची. पण इतकी वर्षं सुनावण्या पाहून माझं मत असं झालं आहे की शहरांचं खरं नुकसान विरोध कमी पडल्याने होत नाही, पाठिंबा कुणी नोंदवत नाही म्हणून होतं. ज्याची जमीन जाणार असते तो येतो. ज्याला मैदान मिळणार असतं तो घरी असतो.

सुनावणी कशी चालते ते बघा. पालिकेचं सभागृह, लांब टेबलावर भाग नकाशा पसरलेला. शिपाई बाहेर अनुक्रमांक पुकारतो. नगररचनेतला सहायक नकाशावर पट्टी ठेवून जागा दाखवतो. समोर समितीचे सदस्य: स्थायी समितीतले तीन आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. एकेकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात. आत येतो जमीनमालक, बरोबर त्याचा आर्किटेक्ट, कधी वकीलही. हातात सातबारा, मोजणी नकाशा, जुना बिनशेती आदेश, शेजारच्या गटातल्या बांधकाम परवानगीची प्रत. तो म्हणतो, साहेब, या क्रीडांगणाच्या आरक्षणात माझी सगळी जमीन जाते, शेजाऱ्याची अर्धा गुंठाही जात नाही, आणि अर्ध्या किलोमीटरवर पालिकेची शाळा आहे, तिला मैदान आहेच. मुद्दे चुकीचे नसतात. समितीतले लोक फाइल चाळतात, त्या आरक्षणावर दुसरं काही आलंय का विचारतात. सहायक म्हणतो, "नाही." तक्त्यात शेरा पडतो: हरकत मान्य, आरक्षण वगळावे.

यात कुणी पैसे खाल्लेच असतील असं समजू नका. तेही होतं, नाही असं मी म्हणणार नाही. पण पुष्कळदा एवढंच झालेलं असतं की एका बाजूचे कागद होते आणि दुसऱ्या बाजूचा एकही नव्हता. त्या मैदानाचा उपयोग होणारी दहा हजार माणसं आजूबाजूला राहतात. नकाशात हिरवा चौकोन दिसला, म्हणजे मैदान मिळालंच, असं त्यांना वाटतं. तो चौकोन तेव्हा नुसता प्रस्ताव असतो.

जमीनमालकाला खलनायक ठरवण्यातही अर्थ नाही. आरक्षण पडलं की त्याची जमीन वर्षानुवर्षं गोठते. त्याला विकता येत नाही, बांधता येत नाही, आणि पालिका पैसे नाहीत म्हणून ताब्यातही घेत नाही. म्हणून तर कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत पालिकेने जमीन घेतली नाही तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या काळात भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. हा काळ आधी बारा महिन्यांचा होता, २०१५ पासून चोवीस महिन्यांचा केला. जुन्या आराखड्यातली कितीतरी उद्यानं आणि शाळा अशाच गेल्या. तेव्हा एखाद्या आरक्षणाला पाठिंबा देताना ही जागा पालिकेला मिळणार कशी, याचंही उत्तर अर्जात द्यावं लागतं. टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन की समावेशक आरक्षणातून, म्हणजे मालकाने काही भाग विकसित करायचा आणि ठरलेला भाग पालिकेच्या हवाली करायचा? की जागा मुळात सरकारीच आहे? एवढं लिहिलेला पाठिंब्याचा अर्ज समितीला बाजूला सारता येत नाही.

पाठिंब्याने काय होतं याचं माझ्या माहितीतलं सर्वांत मोठं उदाहरण पुण्याच्या टेकड्यांचं. १९९७ साली पुणे महापालिकेत २३ गावं आली. त्यांच्या आराखड्यात टेकड्यांवर आणि डोंगरउतारांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकलं गेलं, ज्याला पुण्यात सगळे बीडीपी म्हणतात. क्षेत्र थोडंथोडकं नाही, हजार हेक्टरांना थोडंच कमी. मालकांचा विरोध असणारच होता आणि तो जोरात होता. काही टक्के तरी बांधकाम होऊ द्या, ही मागणी वर्षानुवर्षं चालली. पण या वेळी दुसऱ्या बाजूनेही माणसं उभी राहिली. ग्रीन पुणे मूव्हमेंटसारखे गट, वंदना चव्हाण यांच्यासारखे राजकारणातले लोक, टेकडीवर रोज फिरायला जाणारे पुणेकर. त्यांनी सह्या गोळा केल्या, सूचना नोंदवल्या, प्रश्न मुंबईपर्यंत नेला. शेवटी ऑगस्ट २०१५ मध्ये शासनाने आरक्षण कायम ठेवलं आणि मालकांना ८ टक्के टीडीआर देऊ केला. हा मोबदला तुटपुंजा म्हणून मालक नाराज राहिले, टेकड्यांवर बेकायदा बांधकामं झाली, ताबा रखडला. हे सगळं खरं आहे, आणि मालकांची तक्रार मला पूर्णपणे गैरवाजवीही वाटत नाही. पण पाठिंब्याचे ते कागद नसते तर बीडीपी सुनावणीतच संपला असता, याबद्दल मला शंका नाही.

आता अर्ज कसा लिहायचा ते. नियोजन समितीच्या तक्त्यात शेवटचा रकाना शिफारशीचा असतो आणि त्यात लिहिता येतात तीनच गोष्टी: मान्य, अंशतः मान्य, अमान्य. "आराखड्याचा पुनर्विचार व्हावा", "नागरिकांना विश्वासात घ्यावे", "पर्यावरणाचा विचार करावा" या मागण्यांपुढे सहायक काय लिहिणार? तो लिहितो, "सर्वसाधारण स्वरूपाची सूचना, नोंद घेतली." म्हणजे गेली टोपलीत. तुमची मागणी अशी पाहिजे की ती मान्य केली तर नकाशावरची एक रेषा हलेल किंवा नियमावलीतलं एक वाक्य बदलेल.

नमुना देतो. समजा एक नवा रस्ता तुमच्या भागातल्या ओढ्याच्या काठाने दाखवलाय. अर्जाच्या वर भाग नकाशाचा क्रमांक, रस्त्याची रुंदी, तो ज्या ज्या सर्व्हे नंबरमधून जातो ते सगळे नंबर. मग मजकूर: "प्रस्तावित १८ मीटर रस्ता वरील ठिकाणी ओढ्याच्या पात्रावरून दाखवला आहे. भूमी अभिलेखच्या नकाशात ओढ्याचे पात्र स्पष्ट आहे; प्रत सोबत. गेल्या पुरात पाणी ज्या घरांपर्यंत आले त्यांचे तारीख दिसणारे फोटो सोबत. रस्ता पूर्वेकडे सरकवून अमुक गटातील शासकीय पड जमिनीतून न्यावा. तसे केल्यास एकही पक्के घर पडत नाही. पर्यायी आखणी सोबतच्या नकाशावर लाल शाईने दाखवली आहे. सुनावणीस हजर राहण्याची इच्छा आहे." एवढंच. एक पान. शहराच्या भवितव्याबद्दलचं भाषण नको, आयुक्तांवर ताशेरे नकोत. पर्याय दिलेला अर्ज हा आमच्या टेबलावर वेगळ्या गठ्ठ्यात जायचा, कारण तो अमान्य करायला कारण लिहावं लागतं.

एका अर्जात एकच विषय घ्या. पाच विषय एकत्र केले की एकावर शेरा पडतो आणि चार हरवतात. दोन प्रती करा, आवक विभागात एक द्या, दुसरीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. ईमेलने दिलात तरी एक प्रत हाताने द्या. मुदत जाहिरातीत आणि राजपत्रात छापलेली तीच खरी, व्हॉट्सॲपवर फिरणारी नाही. सुनावणीची नोटीस तुमच्या अर्जावरच्या पत्त्यावर येते, तेव्हा मधे घर बदललंत तर कळवा. हास्यास्पद वाटेल, पण नोटीस परत आल्यामुळे गैरहजर लागलेले अर्जदार भरपूर असतात.

आणि छापील अर्ज वाटू नका. कार्यकर्त्यांना हे पटत नाही, आकडा मोठा दिसला पाहिजे असं त्यांना वाटतं. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या त्याच आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७,००० हरकती-सूचना आल्या. समितीने दिवसाला पाचशे ऐकल्या असत्या तरी १७४ दिवस लागले असते, सुट्ट्या सोडून. अशा ढिगाचं काय होतं? एकाच मजकुराचे अर्ज एकत्र बांधले जातात, त्यांच्यावर एकच सुनावणी, एकच शेरा. पाच हजार झेरॉक्स म्हणजे एक अर्ज. त्यापेक्षा तुमच्या प्रभागातल्या वीस लोकांनी वीस वेगवेगळ्या जागांबद्दल, आपापल्या हातच्या पुराव्यांसह लिहिलं तर वीस शेरे लिहावे लागतात. मोठ्या आकड्याचा उपयोग राजकीय दबावासाठी होतो, ते नाकारत नाही. पण तो दबाव मंत्रालयात लागतो, सुनावणीच्या टेबलावर नाही. पुण्यात पुढे झालं असं की समितीतल्या सदस्यांचं एकमत झालं नाही, पालिकेला वेळेत काम उरकता आलं नाही, आणि मार्च २०१५ मध्ये शासनाने आराखडा ताब्यात घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपवला. ८७,००० लोकांनी जिथे अर्ज दिले होते, तिथे निर्णय झालाच नाही.

"सगळं आधीच ठरलेलं असतं" म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही पुरावे आहेत, ते लपवत नाही. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा प्रारूप आराखडा ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच मागे घेतला. हरकती घेणाऱ्यांतल्या काहींना तो विजय वाटला, काहींना आपली मेहनत पाण्यात गेली असं वाटलं, दोघांचंही बरोबर. आणि २०२२ पासून काही वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते. तेव्हा स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही, नगरसेवक नाही. म्हणजे कायद्याने आराखड्यावर जो लोकनियुक्त पहारा ठेवलाय तोच उठला होता. अशा काळात नागरिकांची लेखी हरकत ही एकमेव सार्वजनिक नोंद उरते, आणि उद्या कुणी न्यायालयात गेलं तर तीच कामाला येते. हरकत न घेता थेट न्यायालयात गेलात तर पहिला प्रश्न हाच येतो की मुदतीत का बोलला नाहीत.

मुंबईचं उदाहरण मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे चांगलं आणि वाईट दोन्ही एकाच आराखड्यात दिसलं. २०१४ ते २०३४ च्या आराखड्याची तयारी करताना महापालिकेने ईएलयू नकाशे लोकांसमोर ठेवले. कायद्याने तसं बंधन नव्हतं. लोकांनी ते नकाशे घेऊन आपापल्या वॉर्डात फिरून चुका काढल्या. आहे ते मैदान दाखवलेलं नाही, शाळेच्या जागी दुकान, असं पुष्कळ. माझ्या मते सहभागाची सगळ्यात मोलाची वेळ हीच असते. ईएलयूवर जे नाही ते पुढच्या वीस वर्षांसाठी अस्तित्वातच नसतं. त्यावरूनच किती उद्यानं, किती दवाखाने कमी आहेत हे मोजलं जातं. पाया चुकला की वरचं सगळं चुकतं. तिथे तसंच झालं. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आलं तेव्हा त्यात चुका होत्याच, शिवाय स्थानकांच्या आसपास ८ पर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या आठपट बांधकाम, आरेची जमीन खुली करण्याचा विषय, असं सगळं एकदम आलं. गदारोळ झाला, आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा पुन्हा करायला सांगितला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं आणि मंजुरी २०१८ मध्ये.

पण त्याच काळात दुसरं एक काम चाललं होतं, ज्याच्या बातम्या कमी आल्या. 'हमारा शहर' या नावाने वस्त्यांमधल्या संघटना, कामगार, फेरीवाले, महिलांचे गट एकत्र आले आणि त्यांनी वस्त्यांत बैठका घेऊन आपल्या मागण्या आराखड्याच्या भाषेत लिहिल्या. आम्हाला घरं द्या, असं मोघम त्यांनी लिहिलं नाही. बेघरांसाठी निवारा हा आरक्षणाचा एक प्रकार असावा, नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह असावं, बायकांना शिकायला, विकायला, मुलं ठेवायला जागा असावी, अशा त्या मागण्या होत्या. मंजूर आराखड्याच्या यादीत बेघर निवारा, बायकांच्या अशा जागांसाठी 'आधार केंद्र', महिला वसतिगृह हे प्रकार आले. ते प्रत्यक्षात किती बांधले जातील हा वेगळा झगडा आहे. पण त्याआधीच्या आराखड्यांत बेघर माणसाला रकानाच नव्हता. आता आहे.

याउलट कोळीवाड्यांचं बघा. गावठाणं आणि कोळीवाडे यांच्या सीमा नकाशावर नीट आखल्या जाव्यात, त्यांना झोपडपट्टी समजू नये, ही मागणी मच्छीमार संघटनांनी आराखड्याच्या प्रत्येक टप्प्यावर लावून धरली. मासळी सुकवायची जागा, होड्या ओढायची जागा ही रिकामी जमीन नसते, पण आमच्या खात्यातल्या नकाशावर तिला रंग नाही. ज्याच्याकडे सातबारा नाही तो आराखड्याच्या प्रक्रियेत अर्धाच माणूस असतो. भाडेकरू, फेरीवाला, मच्छीमार, कचरा वेचणारी बाई. तुमच्या सोसायटीच्या हरकती लिहून झाल्या की शेजारच्या वस्तीत जाऊन विचारा, त्यांना कुणी नकाशा दाखवला का. बहुतेक वेळा नसतोच दाखवलेला.

भाषेचाही अडसर काही थोडा नाही. मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६ ते २०३६ च्या प्रादेशिक योजनेचा मसुदा आला तो इंग्रजीत. वसईतल्या शेतकऱ्यांनी विचारलं, आमच्या वाड्या-बागायतींचा निर्णय ज्यात आहे तो कागद आम्हाला वाचता यायला नको का? हे वसईकर साधे नव्हेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि वसईची हिरवी जमीन वाचवायला उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीच्या काळापासून त्यांना आराखडे वाचायची सवय आहे. मराठी मसुदा आला, मुदत वाढली, आणि मग हजारोंनी हरकती गेल्या. तुमच्या पालिकेने अहवाल फक्त इंग्रजीत टाकला असेल तर मराठी प्रतीची लेखी मागणी आजच करा. राजभाषा अधिनियम १९६४ पासून आहे.

सुनावणी झाली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. समितीच्या शिफारशींनंतर पालिकेने मोठे बदल केले, म्हणजे आरक्षणांचं क्षेत्र बरंच घटवलं, नवे रस्ते किंवा आरक्षणं घातली, तर ते भरीव फेरबदल ठरतात आणि कलम २९ प्रमाणे त्यांच्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. शासनाने मंजुरी देताना मोठे बदल केले तर त्या भागाला ईपी, म्हणजे वगळलेला भाग, असं नाव देऊन वेगळी नोटीस निघते. लोकांची शक्ती प्रारूपावर खर्च झालेली असते, वर्तमानपत्रांचा रस संपलेला असतो, आणि ईपीच्या नोटिशीवर मालकांशिवाय कुणी फिरकत नाही. माझा अनुभव असा की खरे मोठे निर्णय याच टप्प्यात होतात.

त्यानंतर कलम ३७. मंजूर आराखड्यात एखाद्या जागेपुरता बदल करण्याची ही वाट. अमुक सर्व्हे नंबरवरचं बागेचं आरक्षण काढून निवासी विभाग करणे, असल्या स्वरूपाची नोटीस निघते, हरकतीला एक महिना मिळतो. एकेक बदल छोटा असतो, म्हणून कुणाला टोचत नाही.

यात काय होऊ शकतं ते गोव्याने दाखवलं. तिथे २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला तेव्हा गोवा बचाव अभियानाने असं रान उठवलं की जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो मागे घेतला. मग चार्ल्स कोरिया यांच्यासारखे वास्तुरचनाकार असलेल्या कृती दलाने प्रादेशिक आराखडा २०२१ तयार केला, आणि त्याचे नकाशे गावागावांत नेऊन गावकऱ्यांशी चर्चा केली. देशात इतक्या खालपर्यंत गेलेली प्रक्रिया मी तरी दुसरी पाहिली नाही. २०१२ मध्ये नव्या सरकारने तो आराखडा स्थगित ठेवला. नंतर तो परत आला, पण पुढे गोव्याच्या नगररचना कायद्यात दुरुस्त्या झाल्या. २०२३ मधल्या कलम १७(२) ने तर आराखड्यातल्या 'अनवधानाने झालेल्या चुका' दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा विभाग बदलायची सोय केली. मालकाने अर्ज करायचा आणि खात्याने बदल करायचा, गावाला विचारायची गरज नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम रद्द केले. मोठा आराखडा लोकांनी मिळून केला होता. तो पोखरला गेला एकेका सर्व्हे नंबराने.

तुमच्या सोसायटीने या आठवड्यात काय करावं ते सांगून थांबतो. पालिकेतून आपल्या भागाचा भाग नकाशा आणि आराखड्याचा अहवाल घ्या. जुना मंजूर आराखडाही घ्या; दोन्ही शेजारी ठेवले की कोणतं आरक्षण गायब झालं ते लगेच दिसतं, आणि अहवालात ते कधीच ठळकपणे लिहिलेलं नसतं. रविवारी नकाशा हातात घेऊन पायी फिरा. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची शिफारस आहे. तुमच्या प्रभागाची लोकसंख्या आणि नकाशातल्या हिरव्या जागा यांचा भागाकार स्वतः करा, तो आकडा अर्जात घाला. जी आरक्षणं राहायला हवीत त्यांच्या पाठिंब्याचे अर्ज आधी लिहा, हरकती नंतर. सुनावणीला जाताना दोघं जा, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने समिती काय म्हणाली ते लिहून घ्यायचं. समितीचा अहवाल पालिकेकडे गेला की तुमच्या अर्जावरचा शेरा माहितीच्या अधिकारात मागा. आणि तुमच्यातल्या एका निवृत्त, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या माणसाकडे एक काम कायमचं सोपवा: आतल्या पानांवर बारीक अक्षरात येणाऱ्या पालिकेच्या जाहीर सूचनांमध्ये कलम ३७ दिसलं की त्याच संध्याकाळी सर्व्हे नंबर ग्रुपवर टाकायचा.